बंद मशीनचा झटका

सोम., ४ ऑगस्ट
वाळूजच्या आमच्या लॅबमध्ये पुन्हा मॅनेजर जोशीसाहेबांची टापटीप मोहीम. यादीत नसेल ते भंगारात! अर्थिंगचा दांडा खिळ्यावरून काढून नेला. लाकडी मूठ, तांब्याचा हूक, मागं वायर. आठ वर्षं तिथंच होता. म्हटलं, "जोशीसाहेब, चाचणी झाली की हा प्लेटेला अडकवतो आम्ही, आतला इन्सुलेशन कागद काढेपर्यंत." तर म्हणे, "यादीत नाही मॅडम. ऑडिटच्या फोटोत बरं दिसत नाही." भंगारात नेण्याच्या यादीवर माझी सही मागितली. जेवायची घंटा झालेली. केली.

बुध., ६
लॅबमधल्या आमच्या मंदाचं मनगट मोडलं.
पॉलिमरचा इन्सुलेशन कागद दोन पितळी प्लेटांमध्ये, सकाळपासून हजारो व्होल्टवर. तिनं सप्लाय बंद केला. दांडा नाही, म्हणून वायरचा तुकडा दोन्ही प्लेटांना क्षणभर टेकवला, बाजूला ठेवला आणि कागद काढायला हात घातला. झटक्यानं स्टुलावरून खाली.
दवाखान्यात नेताना रिक्षात एकच विचारत होती, "बंद व्हतं की ताई, मी सोता बटन दाबलं. मग आलं कुठून?"
कागदातून आलं, बाई. दिवसभर आत मुरलेला चार्ज क्षणात निघत नाही. हळूहळू परत प्लेटेवर येतो. दांडा अडकवून ठेवायचा तो त्यासाठीच.

गुरु., ७
जोशीसाहेबांचा अहवाल तयार. "सप्लाय बंद असताना झटका शक्य नाही. कामगाराचा निष्काळजीपणा." साक्षीदार म्हणून मी सही करायची! डोकंच फिरलं. मंदा कंत्राटी, या शेऱ्यावर महिनाअखेरीस घरी बसवतील.
संध्याकाळी बजाजनगरला तिच्याकडं. प्लास्टरमध्ये हात, डाव्या हातानं चहा केला. "करून टाका सही ताई. माझ्यापायी तुमची नोकरी नको." मला तिचाच राग आला. मग स्वतःचा. दांडा जाऊ दिला कोणी?

शनि., ९
सही केली नाही. माझा वेगळा कागद दिला: दांडा कधी नेला, कोणी नेला, आणि नेण्याच्या यादीवर सही माझी.
साहेब म्हणाले, "बंद म्हणजे बंद." मग दाखवलंच. सकाळी चाचणी लावली, दुपारी सप्लाय बंद, वायर टेकवली, मीटर शून्य. वायर काढली. कोणी बोट लावलं नाही, तरी आकडा आपोआप चढायला लागला. सगळी लॅब बघत होती.
"मीटर खराब असेल."
"असेल. मग लावा ना साहेब प्लेटेला हात. बंदच आहे."
साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले.
भंगारातून दांडा मीच शोधून आणला, खिळ्यावर टांगला. निघताना साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. "निष्काळजीपणा" अजून खोडलेलं नाही.