न आलेल्यांची वही

मी, कमलाकर दानिएल उजागरे, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार पनवेल, जिल्हा रायगड, हे लिहून ठेवतो ते स्वखुशीने. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हातात पेन दिलेले नाही. साखर थोडी वाढलेली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी दमयंती समोर बसून मटार सोलते आहे. 'ठिकाणावर' हा शब्द मोठ्याने वाचला तेव्हा तिने मान वर करून पाहिले, पण हरकत नोंदवलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

देवाने मला माझ्या लायकीपेक्षा पुष्कळ जास्त दिले. त्याबद्दल त्याचे आभार मानून पुढील व्यवस्था करतो.

कलम १. राहता फ्लॅट, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात दमयंतीचा. तिच्या हयातीत कोणी तिला 'आता एवढ्या जागेचे काय करायचे' असे विचारू नये. तिच्यानंतर तो आमची एकुलती एक मुलगी मालती, म्हणजे मालू, हिला मिळावा. मालू उलव्याला राहते, शाळेत शिकवते, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते दमयंतीचे. कागद कपाटात वरच्या कप्प्यात, तिच्या लग्नातल्या शालूखाली आहेत. ते तिनेच तिथे ठेवलेत, त्यामुळे ती मलाच विचारत बसणार नाही अशी आशा आहे.

कलम ३. माझी पितळी शिट्टी मालूच्या मुलीला द्यावी, मात्र दुपारी दोन ते चार वाजवू नये. डेपोतले माझे लाकडी स्टूल निरोप समारंभाच्या दिवशी ज्याने उचलून नेले, त्याला ते मी या कलमान्वये बक्षीस देतो. त्याला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. माझ्या मनात आता काही नाही.

कलम ४. ज्या वस्तूसाठी हा कागद लिहायला घेतला ती आता येते. निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या, एकूण चार, दोरीने एकत्र बांधलेल्या. आम्ही घरात त्यांना मिळून 'वही' म्हणतो. दर रविवारी उपासनेला कोण आले नाही, त्यांची नावे मी २०१० सालापासून तिच्यात लिहीत आलो आहे. नावापुढे तारीख, आणि त्यांच्या घरी जाऊन आलो की बरोबरची खूण. ही वही मालूला द्यावी अशी माझी इच्छा आहे. तिने ती घ्यायला साफ नकार दिला आहे. का, ते सांगायचे तर आधी माझी फजिती सांगावी लागेल.

२००६ साली आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, मैदानात मांडव घालून तीन दिवसांची सभा ठेवली होती. बाहेरून आलेले उपदेशक कृपादानांविषयी बोलले. पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला मंडळीच्या कामासाठी काहीतरी देतो. ते ओळखा आणि वापरा. मला ते फार पटले, आणि त्याहून जास्त त्याची धास्ती बसली, कारण मी मंडळीचा पंच होतो, पहिल्या रांगेत बसायचो आणि माझ्याजवळ काय आहे ते मला माहीत नव्हते. गाता येत नाही. उपदेशाला उभा राहिलो की घसा बसतो. तिसऱ्या दिवशी उपदेशकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोला बंधू, आत्मा जी भाषा देईल ती बोला."

अन्य भाषांचे दान, म्हणजे कधी न शिकलेली भाषा आत्म्याने तोंडी येणे, खरे आहे, यात मला शंका नाही. दमयंतीच्या आईला ते होते, आणि ती बोलू लागली की घर शांत व्हायचे. पण मला काही येईना. मागे दोनशे माणसे. मी डोळे मिटले आणि जे तोंडपाठ होते ते जिभेवर सोडून दिले, जमेल तितक्या वेगाने: पळस्पे शिरढोण कर्नाळा तारा खारपाडा हमरापूर पेण वडखळ, आणि उलटे परत. उपदेशकांनी हालेलुया म्हटले. दोन बायका रडल्या.

माझा धाकटा भाऊ विठ्ठल मागच्या रांगेत होता. हे नाव आमच्या आजीने ठेवले, बाप्तिस्म्यानंतरही घरात तेच राहिले. आम्ही विठू म्हणतो. विठू एसटीचा ड्रायव्हर, पेणच्या गाडीवर बारा वर्षे. तो ओरडला, "दादा, कर्नाळा इनंती थांबा हाय! थांबायचा का नाय?"

मांडव हसून लोटपोट झाला.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. द्राक्षरसाच्या प्याल्यांचे तबक माझ्या हातात. विठू पुढे आला, त्याने हात पुढे केला, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आत्म्याच्या दानाची टिंगल करणाऱ्याने या प्याल्याला हात लावू नये." त्याने हात मागे घेतला, पँटला पुसला आणि निघून गेला. टिंगल त्याने केली नव्हती, मी केली होती. तो फक्त खरे बोलला होता. तो परत कधी उपासनेला आला नाही, आमच्या घरीही नाही. पुढे घर बदलून तळोज्याला राहायला गेला.

कलम ५. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, आभारासाठी आहे. हा कागद ज्यांना दाखवला त्या वकीलबाई म्हणाल्या असे कलम नसते. असू दे.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी एक छापील कागद वाटला: आपले कृपादान ओळखा, योग्य तिथे खूण करा. मी घरी बसून जवळजवळ सगळीकडे खुणा केल्या. दमयंतीने कागद बघितला आणि म्हणाली, "हा दुसऱ्याकडून भरून घ्यायचा असतो. आपली पाठ आपल्याला दिसते का?" मग तिने माझ्या सगळ्या खुणा खोडल्या आणि खाली कोऱ्या जागेत लिहिले: यांना कोण आले नाही ते दिसते.

मी रागावलो. हे काय दान झाले? पण ती म्हणाली ते खरे होते. आलेली गाडी कुणालाही दिसते. एकतीस वर्षे मी न आलेल्या गाडीकडे बघायचा पगार घेतला. आमच्या देवळात उपासनेला बसलो तरी नजर रिकाम्या जागेवर जायची. मी ते उपासनेत लक्ष नसण्याचे पाप समजत होतो.

कागद वाटला त्याच रविवारी उपासनेला काळूराम दिसला नव्हता. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एकटा माणूस. दुपारी जाऊन दार वाजवले. चार दिवस नुसत्या बिस्किटांवर होता. दार उघडून म्हणाला, "मी आलो नाही हे कोणाला कळलं कसं?" आणि तिथेच खाली बसून रडला. मी उपदेश केला नाही, मला येतच नाही. खिचडी लावली. घरी येऊन वही सुरू केली. पंधरा वर्षांत किती दारे वाजवली ते वहीत आहे. कोणी आजारी होते, कोणी रुसलेले, एकाकडे फक्त चपला नव्हत्या. या कामाएवढा आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. देवाने मला ते दिले, आणि माझ्या बायकोकरवी दाखवून दिले. दोघांचेही उपकार.

कृपादान कोणाच्या नावावर करता येत नाही, ते सातबाऱ्यावर चढत नाही. पण मालूलाही ती नजर आहे. लहानपणी उपासनेत ती मला कोपर मारून रिकामी जागा दाखवायची. म्हणून वही तिला.

तिने ती उघडली, पहिले पान बघितले आणि मिटून माझ्या हातात परत दिली. "पप्पा, पहिल्या नावापुढे खूण नाही. अर्धी वही मी नाही घेणार."

सर्वांत उशिराची गाडी आधी लिहायची, ही डेपोतली सवय. पहिले नाव विठ्ठल दानिएल उजागरे आहे.

कलम ६. आमच्या वडिलांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ज्याच्या कोऱ्या पानावर आम्हा दोघा भावांच्या जन्मतारखा त्यांच्या हाताने लिहिलेल्या आहेत, ते माझ्या पश्चात विठूला द्यावे. सोबत माझा निरोप द्यावा: माझे चुकले, मला क्षमा कर.

कलम ७. वरचे कलम मी दमयंतीला वाचून दाखवले. तिने मटाराची परात बाजूला ठेवली. "म्हणजे माफी मागणार तुम्ही, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला मात्र हजर राहणार नाही. छान सोय केलीत." त्यानंतर आठ दिवस या कागदावर काही लिहिलेले नाही.

नवव्या दिवशी तळोज्याला गेलो. काळूरामचे दार ज्याने बेधडक वाजवले, त्याला सख्ख्या भावाची बेल दाबायला दहा मिनिटे लागली. जिन्यात उभा राहून प्रार्थना केली. पेणच्या गाडीची भाषा सोडून साध्या मराठीत.

विठूने दार उघडले. केस सगळे पांढरे. मग म्हणाला, "एकोणीस वर्सं लेट हाय. कुठं बंद पडली व्हती?"

"डेपोतच," मी म्हणालो. पुढचे बोलायचे पाठ करून गेलो होतो, त्यातले काही आले नाही. "विठू, खोटा मी होतो," एवढेच आले. त्याने मला आत घेतले.

चहा झाल्यावर मी शास्त्राचे सांगितले. तो चिडला. "तू मेल्यावर देनार? मंग दोघं मिळून ते पान कवा बघायचं? मला मागनं काय नको. सहीला मानूस पायजे का?"

मी त्याला सांगितले, की आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्याने साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर तुझे कलम फुकट जाईल. "जाऊ दे फुकट," तो म्हणाला. "तुझ्या कागदावर मला घेनारा नको, हजर लिही."

कलम ८. सबब कलम ६ मी रद्द करतो. ते खोडलेले नाही. माझी चूक वाचता यावी म्हणून राहू दिले आहे. शास्त्र मी त्याला जिवंतपणीच हातात दिले, त्याला कायदा आड येत नाही.

सहीचा दिवस रविवार ठरला, कारण खालच्या मजल्यावरचे आमचे बेने इस्राएली, म्हणजे ज्यू, शेजारी मोझेस रोहेकर शनिवारी शब्बाथ म्हणून पेन उचलत नाहीत. आज सकाळी उपासनेत उभे राहून मी सांगितले की २००६ सालची माझी ती भाषा पेणच्या गाडीची होती. लोक हसले, या वेळी मीही हसलो. मी आता पंच नाही, पण पाळकसाहेबांच्या परवानगीने तबक आजच्यापुरते मी धरले. विठू पुढे आला. तबकातले प्याले किणकिणले. त्याने खालून तबकाला हात लावून धरले आणि मग आपला प्याला उचलला.

मालूने घरी येताच वही मागून घेतली आणि पहिल्या नावापुढे स्वतःच्या पेनने खूण केली. ती वही आता तिचीच आहे.

माझ्या दफनाच्या दिवशी जो येणार नाही, त्याला कोणी बोल लावू नये. दुपारी त्याच्या घरी जाऊन यावे.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करतो.

ठिकाण: पनवेल
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) कमलाकर दानिएल उजागरे

साक्षीदार:

१. (सही) मोझेस एलायजा रोहेकर, निवृत्त लिपिक, पनवेल. माझ्यासमक्ष सही झाली.

२. (सही) विठ्ठल दानिएल उजागरे, निवृत्त एसटी ड्रायव्हर, तळोजा. माझ्यासमोर सही केली. सही करताना दादा शुद्धीवर होता. एकोणीस वर्सांत पहिल्यांदा.