हाक मारल्यास येतो

नाशिक,
दिवाळीआधीचा रविवार

ती. उज्वलाताईस धाकट्या योगेशचा दंडवत.

कशी आहेस? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? कळवणला थंडी पडली का? (इथे पडली. दोन खोल्यांत एकच माणूस असला की सगळी त्याच्याच वाट्याला येते.)

वणीचं घर विकल्यापासून आपण चार दिशांना पांगलो, म्हणून मी आपल्या माणसांसाठी वेबसाइट केली. पोटासाठी तेच करतो, तर घरच्यांसाठी का नको? नाव ठेवलं 'घर'. आत सुटे सुटे भाग, म्हणजे कंपोनंट, जोडले: आईच्या पाककृतींचं स्वयंपाकघर, जुन्या फोटोंची माडी, गप्पांचा ओटा. कुठलाही भाग उघडायला गेलं की तशी विनंती जाते आणि दारावरचा राखणदार (तोही मीच लिहिला) विचारतो, कोण तुम्ही, परवानगी आहे का?

इथेच घोडं पेंड खातं. कुसामावशीने नातीच्या फोनवर स्वयंपाकघर उघडलं, तर राखणदाराने तिलाच ओळख विचारली. लगेच मला फोन. "माझ्या मांडीवर मुतला हा, अन् मलाच इचारतो, तू कोण? लय शाना झाला!" तेव्हापासून ती बोलत नाही. मी घाबरून राखणदाराला रजा दिली आणि पाहुण्यांना लिहिण्याचं बटण दिसू नये, एवढंच केलं. पण बटण लपवल्याने दार बंद होत नाही (हे मी ऑफिसात नव्यांना शिकवतो!). आपला चुलतभाऊ संतोष विंचूरला कांद्याच्या लिलावात बसल्या बसल्या थेट आत विनंती पाठवून ओट्यावर माझा फोटो लावून गेला. खाली मजकूर: 'मुलगी पाहिजे. मुलास स्वयंपाक येतो. स्वभाव गरीब. हाक मारल्यास येतो.' सगळ्या भावकीला तो फार आवडला.

मी चिडलो. नियमच केला की आतल्या कुणी हो म्हटल्याशिवाय कुणालाही परवानगी नाही. आणि त्याच तावात सगळ्यांची नावं पुसली, त्यात माझंही. आता आत कुणी नाही, त्यामुळे हो म्हणायलाही कुणी नाही. मी माझ्याच घराबाहेरून विनंती पाठवतो आणि पडद्यावर येतं, 'थांबा, घरात विचारतो.' वाचून आधी हसू आलं. मग फार एकटं वाटलं, ताई.

भाऊजींना नमस्कार, राजला मामाचा पापा (तो आता दाढी करतो, माहीत आहे).

तुझा,
योगेश

ता. क. साइट परवाच दुरुस्त झाली. फारसं काही नव्हतं. तुला लिहायला निमित्त हवं होतं.

आणखी ता. क. दरवर्षी दसरा झाला की 'भाऊबीजेला कधी येतोस' म्हणून तुझा फोन येतो. यंदा आला नाही. आपणहून विचारायला मला लाज वाटते. संतोषने लिहिलेलं बाकी सगळं खोटं आहे, स्वयंपाकसुद्धा. शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.