एक लॉट

प्रिय दादा,

आईच्या ठेवी तू वायदे बाजारात घालवल्यास तेव्हा दारात उभी राहून मी तुला हावरट म्हणाले होते. तू चपला घालून निघालास, त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मी फ्यूचर्सचा, म्हणजे त्याच वायद्यांचा, क्लास लावला. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईला हे कशाला, असं तिथल्या मास्तरांनी विचारलं. "भावाला काय झालं होतं ते बघायचंय," मी म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग एकच लॉट घ्या, त्याहून लहान सौदा होत नाही. आणि किती तोटा झाला की विकून उठायचं, ते आधी कागदावर लिहा."

मी चार हजार लिहिले. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तांब्याच्या पुढच्या महिन्याच्या वायद्याचा एक लॉट घेतला. भाव चढला, तसा मी डबा उघडला. मग भाव पडला. चार हजार गेले. कागद समोरच होता, तरी विकायला हात उठेना. आता फिरेल, मग फिरेल, करत नऊ हजारांच्या तोट्यावर आले. शेवटी मालकीणबाईंनी हाक मारली म्हणून विकलं, अक्कल आली म्हणून नव्हे.

दादा, ती हाव नव्हती. गेलेलं परत आणायचं आणि कोणाला कळू न देता उठायचं, एवढंच डोक्यात होतं. तुझंही तेच झालं ना?

हे पत्र टाकत नाही. टाकलं तर तू आईला फोनवर वाचून दाखवशील, आणि तिला अजून वाटतं, दोघांपैकी एक तरी शहाणं निघालं. रविवारी तुझ्याकडे येते. माफी तोंडानेच मागेन.

तुझी,
धाकटी