अंगणातला चिखल आणि मी लिहिलेला खुलासा

बाई, काल सकाळी मी घोटावड्याच्या एका सोसायटीत बारा-तेरा मुलांना चिखलात उभं केलं. कपडे धुवायच्या टबात शेतातली माती कालवली होती. शेजारी एका परातीत भाताचा तूस, दुसरीत ओढ्यातले गुळगुळीत खडे, तिसरीत भिजवलेला पेंढा. डोळ्यांना रुमाल बांधून एकेक परात ओलांडायची आणि पायाखाली काय आहे ते सांगायचं. मग निरगुडीचं, तुळशीचं, गवती चहाचं पान चुरगाळून वासावरून ओळखायचं. आईबाप फोटो काढत होते आणि हे सगळं घरी गच्चीवर किंवा गॅलरीत कसं मांडायचं ते मी त्यांना समजावत होते. एक आई म्हणाली, "मॅम, किती सिंपल आहे हे! कुठे शिकलात तुम्ही?" मी म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये." पटकन निघून गेलं तोंडातून, आणि नंतर दुरुस्त करायचं धाडस झालं नाही.

ट्रेनिंग कसलं! रिह्याच्या खोऱ्यातल्या आपल्या अंगणवाडीपुढची ती मोकळी जागा. तुम्ही घरून घमेल्यात माती आणायचात, गिरणीतून तूस आणायचात. मी चार वर्षांची आहे, डोळ्यांवर तुमच्या जुन्या लुगड्याची पट्टी, आणि मी पट्टीच्या फटीतून खाली बघते आहे. तुम्ही लगेच पकडता. "चोरून बघतीस व्हय गं? मंग डोळ्यालाच घाल अंगणवाडीत, तू ऱ्हा घरी!" सगळी पोरं हसतात. मग तुम्ही माझा हात धरून म्हणता, "आता पायाला इचार. त्यो खोटं न्हाई बोलत."

पुढे मी पौडच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. गावात कुणाला रेशनकार्डाचा अर्ज हवा असो की विजेच्या मीटरचा, माणसं माझ्याकडे येत आणि मला ते फार आवडे. एकदा वहिनी माझ्या भाचीच्या झग्याचा चिखल खरवडत म्हणाली, "ताई, तुमी येवढ्या शिकल्या, लिवा की त्या बाईवर एक अर्ज. पोरगी शाळंला जातीया का भात लावाय?" मला ते पटलं. आपली पोरं या चिखलातून बाहेर पडली पाहिजेत, पहिलीत जाण्याआधी त्यांना मुळाक्षरं आली पाहिजेत, असं मी तेव्हा मनापासून मानत होते. मुलांना अस्वच्छ ठेवले जाते, शिकवले काहीच जात नाही, असं मी लिहिलं. सहा बायकांच्या सह्या-अंगठे घेतले. माझी सही केली नाही. लिहिणाऱ्याने सही करायची नसते, असं मी वहिनीला सांगितलं, आणि तिने ते खरंही मानलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही आमच्या पडवीत येऊन बसलात. हातात कागद. "तालुक्याच्या हापिसानं माजा खुलासा मागितलाय गं. मला काय त्यांच्यावानी लिवता येत न्हाई. मी सांगते, तू लिव." आता सांगावं, असं एकदा आलं मनात, पण मी पेनाचं टोपण काढलं. तुम्ही म्हणालात, "लिव, पोराच्या हाताला माती कळली की मंग त्याला पाटी कळती." मी लिहिलं, 'माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे मुलांना मातीत खेळू दिले जाणार नाही.' तुमची नोकरी वाचवते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तुमचं म्हणणं जसंच्या तसं गेलं असतं, तर माझी तक्रार खोटी पडली असती. मी म्हटलं, "वाचून बघा ना बाई." तुम्ही चष्मा आणला नव्हता. "तू लिवलंय म्हंजी बरुबरच आसंल," म्हणत तुम्ही सही केली.

अंगण साफ झालं. पोरं आत ओळीत बसून तक्त्यावरची अक्षरं ओरडू लागली आणि आमच्या घरात त्याचं कौतुक झालं. महिनाभराने तुम्ही गिरणीत भेटलात. डबा खाली ठेवून, अगदी शांतपणे म्हणालात, "लई भारी मराठी लिवतीस गं तू. मला माजीच सही वळखू ईना." एवढंच. तक्रारही माझीच होती, हे तुम्हाला कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात. दहाव्याला मी बायकांच्या सगळ्यात मागे उभी राहिले.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. तुमची मुलगी घोटावड्यातच असते. हे तिच्या हातात द्यायला हवं, पण देणार नाही, तेवढी हिंमत अजून नाही. निदान तुमचा खरा खुलासा इथे उतरवून काढावा म्हणून आज बसले होते. त्या दिवशी त्या पहिल्या वाक्यानंतरही तुम्ही बराच वेळ बोलत होतात, हात हलवत, मधेच हसत. पण त्यातलं एकही वाक्य मला लिहिता येत नाही, बाई. ती मी ऐकलीच नव्हती. खाली मान घालून मी माझी वाक्यं जुळवत होते.