सगळ्यांना चालेल अशी सहल

२ फेब्रुवारी, रविवार. टोलेडो.
बाहेर बर्फ. कॅरिबियन क्रूझ सहा आठवड्यांवर आली. आजपासून किनाऱ्यावरच्या सहलींचं खातं माझ्याकडे. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. तीस वर्षं शाळेत व्हाइस प्रिन्सिपल होतो, दरवर्षी शेकडो पोरं घेऊन म्युझियमला गेलो. मूल एकच हरवलं आणि तेही सापडलं. इथे तर सातच माणसं.
हेतूही एकच. बाबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. पुन्हा असा योग येईल न येईल. एक दिवस, फक्त एक, आमच्या चारही पिढ्या दिवसभर एकत्र असाव्यात. बाकी मला काही नको.

९ फेब्रुवारी, रविवार.
सगळ्यांना फोन केले. बाबा म्हणाले, तुम्ही जाल तिथे मी. आमची बेथनी म्हणाली, काहीही चालेल डॅड, फक्त ओवेन बसमध्ये ओकतो. (ओवेन नातू. वय चार.) जावई कर्ट म्हणाला, आपण कशालाही तयार. नात मॅडलिन पंधरा वर्षांची, तिने फोनवर नुसता अंगठा पाठवला. मार्लीन म्हणाली, मला एक खुर्ची द्या आणि पुस्तक वाचू द्या. बायको कधीकधी थट्टा करते.
थोडक्यात, एकमत. इतकं सोपं काम लोक अवघड का करून ठेवतात कळत नाही.

१८ मार्च, मंगळवार. ग्रँड केमन.
जहाज धक्क्याला लागतच नाही. छोट्या होडीतून जायचं. बाबांनी वरखाली होणारी होडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, व्हा तुम्ही पुढे, मी इथून हात करतो. त्यांना सोडून कसा जाणार? मी थांबलो. बाकीचे गेले आणि फार खूश होऊन आले. जरा जास्तच खूश.
मार्लीन म्हणते, होडीचं बुकिंगच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. मी ‘चालणं कमी’ एवढंच वाचलं. चालण्याआधी उडी आहे, हे खालच्या ओळीत होतं. अशी माहिती वर लिहायला काय होतं?

१९ मार्च, बुधवार. रोआतान.
आज धक्का होता. मीही सगळं वाचलं होतं. डोंगरातून बस, वर स्लॉथ बघायचे, म्हणजे झाडाला लटकून दिवसभर झोपणारे आळशी प्राणी. ओवेन कर्टच्या टोपीत ओकला. कर्ट म्हणाला, काही हरकत नाही, आणि मग दिवसभर कोणाशी बोलला नाही. बाबा बसमध्येच झोपले. उठवायला गेलो तर बेथनी माझ्यावर डोळे वटारून बसलेली. मॅडलिन सबंध प्रवासात एकदाच हसली, तेही स्लॉथकडे बघून. मार्लीन म्हणाली, बघ ग्लेन, त्याला कोणी कुठे नेत नाही, म्हणून कसा सुखात आहे.
चूक सापडली. दुसऱ्यांच्या बसने जाणं हीच चूक. उद्यासाठी आपली स्वतःची व्हॅन ठरवली. कर्टला पडकी देवळं, ओवेनला आइस्क्रीम, मॅडलिनला समुद्र, बाबांना सावली, मार्लीनला खुर्ची. पैसे परत मिळत नाहीत. उत्तमच, कोणी ऐनवेळी शेपूट घालणार नाही. जेवताना जाहीर केलं. सगळे म्हणाले, अरे वा. विषय संपला.

२० मार्च, गुरुवार, सकाळ. कोझुमेल.
गाडी बघायला आधी उतरलो. ड्रायव्हर एफ्राइन, सज्जन माणूस. बेथनीचा मेसेज: ओवेन जहाजावरच्या स्विमिंग पूलमधून निघेना, तुम्ही व्हा पुढे. कर्ट ओवेनपाशी. मॅडलिन झोपलेली. बाबांची कंबर धरलीय. मार्लीन बाबांपाशी.
एफ्राइनने विचारलं, बाकीचे? म्हटलं, येताहेत.
थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. आता मी परत वर गेलो तर ह्यापुढे घरात माझं कोण ऐकणार? शाळेत एक उपाय होता. बस सुरू केली की पोरं धावत सुटायची. निघा म्हटलं.

त्याच दिवशी, दुपार.
कोणी धावलं नाही. देवळं पाहिली. आइस्क्रीम खाल्लं, दोनदा. समुद्रावर खुर्ची होती, सावली होती. बसवेना. एफ्राइन बिचारा त्याच्या पोरांबद्दल सांगत राहिला.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
जहाज म्हणे दिवसभर रिकामं होतं. सगळे प्रवासी किनाऱ्यावर. पूल यांच्या एकट्यांचा. बाबा कर्टचा हात धरून पायऱ्या उतरले, पाण्यात गेले. ओवेनच्या पाठीखाली हात धरून त्याला तरंगायला शिकवलं. मलाही लहानपणी असंच शिकवलं होतं, एरी सरोवरात. मॅडलिनने फोन खोलीत ठेवला होता. मार्लीनसुद्धा पाण्यात उतरली. दुपारी सगळ्यांनी तिथेच बर्गर खाल्ले.
फार वाईट वाटलं. राग कोणावर काढावा तेही सुचेना.
टेबलावर बाबांचे गाल उन्हाने लाल झालेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, किती वर्षांनी रे असा दिवस मिळाला ग्लेन, आपण सगळे दिवसभर एकत्र, एक माणूस कमी नव्हता.
बाकीचे आपापल्या ताटात बघायला लागले.
मी म्हटलं, हो बाबा. मजा आली.