मोटारीविना सहा दिवस

रविवार, १५ जून. सकाळ.
उद्या निघायचं. घरातली पहिली पदवी दोन वर्षं स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर लटकतेय. आता कामाला लागेल. पर्यटन कार्यालयाच्या मादाम त्रिकार यांची अट: माझ्या पुस्तिकेतला सायकलमार्ग मी स्वतः सहा दिवसांत पुरा करायचा, मोटारीत न बसता, आणि तसं लिहून शनिवारी सही द्यायची. मग पुस्तिका छापणार आणि मला वर्षभराची नोकरी. पुस्तिकेचं नाव ‘मोटारीविना सहा दिवस’. वाटाड्या नाही, घोळका नाही. वाचा आणि निघा.

बॅगा तेवढ्या बाबा व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी ठेवणार. हे तत्त्वात बसतं. मी म्हणजे बॅग नव्हे. व्हॅन तीच, जिच्यातून त्यांनी एकतीस वर्षं खेडोपाडी हॉर्न वाजवत पाव विकला. आत आंबलेल्या पिठाचा आणि आमच्या वारलेल्या कुत्र्याचा वास. शी.

संकल्प: रोज साठ किलोमीटर. फोन बंद. सुपरमार्केट वर्ज्य. मांस वर्ज्य. बाबांचा सल्ला वर्ज्य.

बाबा म्हणाले, उद्याचा पाव आजच घेऊन ठेव. मी म्हटलं, पुस्तिका, पान चार: ‘वाटेत तीन मनमोहक बेकऱ्या’. म्हणाले, "बरं, बाईसाहेब."

सोमवार, १६ जून.
पहिली बेकरी बंद. दुसरी बंद. तिसरीच्या जागी आता केस कापण्याचं दुकान, तेही बंद. पायरीवरच्या म्हातारीला विचारलं. म्हणे, "सोमवारी? सोमवारी इथं मरायचीसुद्धा सोय नाही, पाद्रीबाबा सुट्टीवर असतात." मग माझ्याकडे निरखून, "तू पाववाल्या मार्सोची पोरगी ना? नाक त्याचंच उचललंस."

जेवण: दोन जर्दाळू. एक किडका. किलोमीटर: एकतीस. पहिल्या दिवशी शरीराला समजून घ्यायचं असतं.

मंगळवार, १७ जून.
बसण्याची जागा सोलवटली आहे. याहून जास्त लिहिणार नाही.

गावात पोचले बारा चाळीसला. बारा ते दोन सगळं बंद. एक खाणावळ उघडी, तिथे एकच पदार्थ: आतड्यांचं सॉसेज. वास गोठ्याचा. आतडी म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर मांस नव्हे. दोन खाल्ली.

मादामनी माझा मसुदा चाचणीसाठी एका डच जोडप्याला दिलाय. योप आणि मीप, दोघं सत्तरीचे. सायकली विजेच्या. चढावर शीळ घालत माझ्या पुढे गेले. शर्टांना इस्त्री. ओंगळ प्रकार.

बुधवार, १८ जून.
पाऊस. पान अकरा: ‘मोठ्या ओकपाशी डावीकडे वळा’. ओक नाही. (मार्ग मी ग्रंथालयातल्या जुन्या नकाशावरून आखला. जुना नकाशा अस्सल असतो.) अंदाजाने वळले, ती थेट शेणखड्ड्यात. तिथे योप आधीच उभा होता, पोटऱ्यांपर्यंत. मीप काठावर उभी राहून पुस्तिका मोठ्याने वाचत होती. योप म्हणाला, हे लिहिणारा गाढव आहे. मी मान डोलावली. ओळख दिली नाही.

तेवढ्यात बाबा हॉर्न वाजवत आले. हॉर्न ऐकून तीन घरांतून तीन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन बाहेर. बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली! बाबा म्हणाले, "आज पाव नाही, पोरगी आणलीय." एक म्हणाली, "शिळी दिसतेय."

ओक वादळात पडला, त्याला बारा वर्षं झाली, म्हणे. बाबांनी पावाच्या कागदी पिशवीवर डच जोडप्याला पुढची वाट काढून दिली. प्रमाण नाही, उत्तर दिशा नाही. अशास्त्रीय.

मुक्कामापर्यंत उतारच होता. बाबांनी इंजिन बंद करून व्हॅन उतारावर सोडून दिली, सायकल मागे, मी पुढे. इंजिन बंद म्हणजे मोटार नाही. सही करायला हरकत नाही.

गुरुवार, १९ जून.
आज इंजिन चालू होतं, पण फक्त वायपरसाठी.

वासाची सवय होते. हे सर्वांत किळसवाणं.

शुक्रवार, २० जून.
चढ. ऊन. वायपरची गरज नव्हती.

बाबा डच जोडप्याला रोज सकाळी अशीच पिशवी लिहून देतात आणि तोंडी समजावूनही सांगतात, हे आज कळलं. कुठे जेवायचं, कुणाचा कुत्रा चावतो, कुणाच्या अंगणातला नळ चालतो. कॉफीला थांबलो तेव्हा मीपने व्हॅनच्या दिशेने फोटो काढला. बहुधा मागच्या गायींचा. मी डोळे मिटून चिंतन करत होते.

बाबांनी विचारलं, उद्या सही करणार? म्हटलं, अर्थात. बाबांनी गिअर बदलला.  एवढ्या जोराने बदलायची गरज नव्हती.

शनिवार, २१ जून.
शेवटचे चार किलोमीटर सायकलवर. कार्यालयात ताठ मानेने शिरले. पेन काढलं.

मादामनी फोन पुढे सरकवला. मीपचा फोटो. मी व्हॅनमध्ये, तोंड उघडं, मांडीवर फळांचा अर्धा टार्ट. गाय एकही नाही.

पेन मी खाली ठेवणारच होते. सांगून टाकलं: उतार, वायपर, सगळं. मादाम म्हणाल्या, पुस्तिका छापणार नाही. डच जोडपं खूश आहे ते पिशव्यांवर. त्याच छापायच्या. फक्त अक्षर कार्यालयात कुणालाच लागत नाही.

बाबांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, काढला. म्हणाले, "लिहिताना कळत होतं." चौदाव्या वर्षी शाळा सुटली त्यांची. मग मी वाचल्या. चारही पिशव्या, न अडखळता. सहा वर्षांची असल्यापासून न्याहारीला त्यांची गिऱ्हाइकांची यादी मीच वाचून दाखवायचे.

नोकरी मिळाली. तीन महिने. काम: बाबा पिशव्या लिहिणार, मी टाइप करणार.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बघ, शिक्षण वाया जात नाही." चेष्टा करत नव्हते, हेच वाईट.

सोमवार, २३ जून.
पहिला दिवस. कार्यालय आज बंद असतं. मादामनी किल्ली दिलीय. पहिली पिशवी: ‘सोमवारी वाटेत काही मिळत नाही. पाव आदल्या दिवशी घ्या.’ विधान फार सरसकट वाटलं. पदवीधर माणसाने असं लिहू नये. ‘सोमवारी सहसा काही मिळत नाही’ असं केलं.

साडेबाराला जेवायला बाहेर पडले. दोन बेकऱ्या, एक खाणावळ, एक किराणा पाहून परत आले.

‘सहसा’ काढलं.