नळीतलं तांबं आणि माझी पदवी

मैसूर, शुक्रवार

तीर्थरूप सोयराआत्यांना भव्याचा वाकून नमस्कार.

आत्या, बंदुकीची नळी स्वच्छ झाली, हे कशावरून ठरवायचं? मला सांगता येत नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही सगळ्यांनी गल्लीभर पेढे वाटलेत, आणि तरी सांगता येत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? आईने दिलेलं तेल लावता ना? (तीच विचारतेय. लावत नसलात तरी ‘लावते’ असंच कळवा.) फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून शिवणाच्या दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर मधोमध ठेवतात, हे तुम्ही जाणताच.

तर गोष्ट थोरल्या काकांच्या रायफलीची. फौजेतून आल्यावर वरुण्याच्या आपल्या शेतातल्या उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी त्यांनी ती रीतसर परवान्यावर घेतली. (डुकरं सुखरूप आहेत.) हल्ली तिची गोळी डावीकडे जाऊ लागली, आणि क्लबात माजी सैनिकांची नेमबाजीची स्पर्धा तर तोंडावर आलेली. तिथे कुणीतरी सांगितलं की नळीत तांबं चढलंय. गोळीला तांब्याचं आवरण असतं, ते जाता जाता आतून घासतं, थोडं थोडं चिकटून राहतं आणि थर जमला की गोळी भरकटते. काकांनी घरी येऊन हे सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच आठवड्यात एम.एस्सी.चा विषय काढला होता.

“सरी भव्या,” ते नेहमीच्या कानडी ‘बरं’ने सुरुवात करत म्हणाले, “तांबं काढून दाखव. निघालं तर आणखी दोन वर्षं शीक. नाही निघालं तर दुकानात ओव्हरलॉकच्या मशीनवर बस.”

बाबा काजं करत होते. ते काकांसमोर बोलत नाहीत. त्यांनी फक्त सुईत दोरा ओवला, जो आधीच ओवलेला होता.

माझा हिंसेला विरोध आहे, हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, नळी धुण्यात कसली हिंसा. ते मला पटलं. (मला समोरच्याचं फार लवकर पटतं, हा माझा दोष की गुण, हेही कळत नाही.) काकांनी स्वतः रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढून ठेवला आणि क्लबातून आणलेली औषधाची बाटली दिली. त्यात अमोनिया असतो. औषधात भिजवलेली चिंधी छडीने नळीतून फिरवायची, जरा थांबायचं, मग कोरडी चिंधी फिरवायची. तांबं असेल तर चिंधी निळी येते. चिंध्यांना आपल्याकडे काय तोटा? शाळेच्या सदऱ्यांच्या पॉपलीनची गाठोडी पडलेली. पहिली चिंधी निळी आली तेव्हा, आत्या, मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी आठवून भरून आलं. आईने ती चिंधी विठोबाला दाखवली.

दुसरीही निळी आली. त्यानंतरचीही. मी सकाळी घासत होते, दुपारी घासत होते, आणि चिंध्या अशा निळ्या की जणू नळीत तांब्याची खाण लागली. दुकानात वास इतका भरला की ब्लाउज बघायला आलेल्या विद्याश्रीबाई डोळे पुसतच परत गेल्या आणि गल्लीत सांगत सुटल्या की भव्याचं जमलेलं लग्न मोडलं, सगळं घर रडतंय. (जमलेलं नव्हतं. आता दोघीजणी सांत्वनाला येऊन गेल्या, आईने त्यांना कॉफी दिली.)

शेवटी माझं लक्ष छडीकडे गेलं. तिच्या टोकाला, जिथे चिंधी अडकवतात, तिथे पूर्वी प्लास्टिकचं बोंड होतं. आयुधपूजेच्या आधी आई म्हणाली होती, शस्त्राला प्लास्टिक लावतात का? म्हणून काकांनी देवघरातल्या मोडक्या समईचा दांडा हिनकलला नेऊन लेथवर त्याचं टोक करून आणलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि छडीवर बसवलं. समई पितळेची. पितळेत तांबं. म्हणजे इतके दिवस ते औषध नळी सोडून आपली समई खात होतं.

मी सगळ्यांना बसवलं आणि ते टोक नळीबाहेरच औषधात भिजवून चिंधीवर पुसून दाखवलं. चिंधी निळी. मग काकांनी विचारलं, “म्हणजे आपल्या देवाची समई खोटी होती म्हणतेस?” मी म्हटलं, नाही काका, खरी आहे, म्हणून तर निळी होते. हे ऐकून आईने हात जोडले आणि काका अधिकच रागावले. मी समईची स्तुती केली की निंदा, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

मग मी छडीच बाजूला ठेवली. बटणं लावायच्या जाड दोऱ्याला औषधात भिजवलेली चिंधी बांधली आणि दोरा नळीतून ओढून घेतला, फौजेत ओढतात तसा. चिंधी पांढरी आली. पुन्हा ओढली, पांढरीच. काका म्हणाले, “औषध उतरलं असेल.” निळी आली तर नळीत घाण आणि पांढरी आली तर औषध जुनं, मग तुम्हीच सांगा, कुठला रंग आणायचा?

काका तीच रायफल घेऊन स्पर्धेला गेले. आता गोळी उजवीकडे गेली. त्यांचे मित्र दामोदरराव म्हणाले, इतकं घासायचं नसतं हो, जरासं तांबं राहू द्यावं, त्यावरच नळीचा नेम बसतो. काका घरी आले, बूट काढले आणि एवढंच म्हणाले, “शिकलेल्यांना माप कळत नाही.” आत्या, ‘निघालं तर शीक’ असं ते म्हणाले होते, आणि तांबं निघालं. आता म्हणतात, निघायला नको होतं. मी पास की नापास?

सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची,
भव्या

ता. क. सोबत पाठवलेल्या ब्लाउजला अमोनियाचा वास आला तर घाबरू नका, दोन दिवस वाऱ्यावर टाका. माप बरोबर आहे, बाबांनी बेतलंय.

ता. क. काका या जगात फक्त तुम्हाला भितात. ‘पोरीला शिकू दे’ एवढ्या दोन ओळी त्यांना लिहिल्यात तर बरं होईल. पुढच्या आठवड्यात पोचल्या तरी चालतील.

ता. क. चालतील, कारण मी सोमवारीच एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. बाबा बरोबर आले होते. रात्री काकांना सांगितलं की आत्यांनी सांगितलंय. त्यांनी “अक्का म्हणाली?” असं विचारलं आणि म्हणाले, “मग सरी.” तेव्हा परवानगी तुम्ही सोमवारीच दिलीत, आत्या. तुम्हाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.